चाक पडलं, तरी विमान परत का फिरवलं नाही?

12 सप्टेंबर 2025 ला कांडल्याहून मुंबईला निघालेल्या स्पाइसजेटच्या क्यू-400 विमानाचं बाहेरच्या बाजूचं एक चाक उड्डाण घेतानाच निखळलं. एक प्रवासी खिडकीतून चित्रीकरण करत होता, त्यात काळं काहीतरी सुटून खाली जाताना स्पष्ट दिसतं. विमान मुंबईला आलं. विमानतळावर 'फुल इमर्जन्सी' लागली. 3 वाजून 51 मिनिटांनी ते 27 नंबरच्या धावपट्टीवर नीट टेकलं, उरलेल्या चाकांवर चालत टर्मिनलला गेलं आणि पंचाहत्तरएक प्रवासी रोजच्यासारखे खाली उतरले.

तेव्हापासून टायरची कुठलीही बातमी आली की एक मजकूर फिरायला लागतो. नाव-गाव बदलतं, आरोप तेच. परवा आमच्या साडूंनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "तुम्ही यातले, बोला आता." यातला म्हणजे मुंबईच्या सहार विमानतळावर लाइन मेंटेनन्समध्ये, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या तपासणी-दुरुस्तीत, सव्वीस वर्षं काढली, बहुतेक रात्रपाळ्या. ग्रुपवर तीन ओळी लिहून भागेना, म्हणून हे लांबण.

मजकुराचा सारांश असा. कॉकपिटमध्ये सगळं दिसतं, त्यामुळे 'पायलटला खात्री नव्हती' ही थाप. टेकऑफ तिथेच थांबवायला हवा होता. नाही थांबवला, तर लगेच परत फिरायला हवं होतं. तासन् तास घिरट्या घालणं हा वेळकाढूपणा, इंधन टाकून दहा मिनिटांत उतरता येतं. चाकं आत न घेता उडाले म्हणजे गियर (चाकांचा पाय) अडकला होता आणि ते लपवलं. टायर जुनेच, रिट्रेड केलेले, म्हणजे झिजल्यावर नव्याने मढवलेले, वापरतात. धावपट्टीवर फोम टाकत नाहीत. आणि प्रवाशांना शेवटपर्यंत अंधारात ठेवतात.

'कॉकपिटमध्ये सगळं दिसतं' इथूनच सुरुवात करतो, कारण बाकीची इमारत यावर उभी आहे. काही विमानांत टायरचा दाब पडद्यावर दिसतो, पुष्कळ विमानांत ती सोयच नसते. ब्रेकचं तापमान दिसतं, पण ब्रेक तापलाय म्हणजे टायर गेलाय असं नाही. पायलटच्या वाट्याला येतं ते एवढंच: टेकऑफच्या धावेत एक 'धप्प', थोडी थरथर, किंवा विमान एका बाजूला किंचित ओढल्यासारखं वाटणं. पक्षी धडकला तरी असंच होतं. पुढचं चाक धावपट्टीच्या मधल्या दिव्यांवरून गेलं तरी धपधप होतेच. कधी बातमी मागून येते: टॉवरवाल्याने काहीतरी पडताना पाहिलं, किंवा धावपट्टी तपासायला गेलेल्या जीपला रबराचा पट्टा सापडला. तो पट्टा याच विमानाचा की आधी गेलेल्या तिघांपैकी कुणाचा, हे जमिनीवरच्या लोकांनाही लगेच सांगता येत नाही. एका पट्ट्यासाठी आम्ही बेवर (विमानं उभी करायच्या जागेवर) उभ्या असलेल्या विमानांचे टायर बॅटरी मारत एकेक करून पाहिलेत, आणि प्रत्येक टायर धडधाकट निघालाय. ज्याचा पट्टा होता तो तोवर कुठल्या कुठे गेलेला.

तेव्हा हवेतल्या क्रूच्या हातात असते ती शंका. तिच्यावर चालवायचं म्हणजे सगळ्यात वाईट धरून चालायचं: टायर गेलाय, त्याच्या तुकड्यांनी आजूबाजूचं काही फोडलंय, ब्रेकच्या पाइपला लागलंय, पंखाच्या फ्लॅपला लागलंय, इंजिनात गेलंय. मग एकेक गोष्ट तपासत ती यादी लहान करत आणायची. हायड्रॉलिकचा दाब ठीक? इंजिनाचे आकडे हलतायत का? मागच्या केबिन क्रूला काही ऐकू आलं का? मागच्या सीटवर बसलेली क्रूमधली मुलगी चाकांच्या आवाजाबद्दल पुष्कळदा कॅप्टनपेक्षा नेमकं सांगते.

'टेकऑफ थांबवायला हवा होता.' सगळ्यांना पटणारा आणि सगळ्यात धोकादायक सल्ला हाच. प्रत्येक टेकऑफला एक वेग आधी काढलेला असतो, त्याला व्ही-वन म्हणतात. तो ओलांडला की थांबायचं नाही, उडायचं. कारण त्यानंतर ब्रेक दाबले तर उरलेली धावपट्टी पुरेल याची हमी नाही, आणि तो हिशोब सगळे टायर शाबूत धरून केलेला असतो. टायर फुटला असेल तर त्या चाकाचा ब्रेकही जवळजवळ गेला. म्हणजे थांबण्याची ताकद सगळ्यात कमी असताना सगळ्यात जड विमान सगळ्यात जास्त वेगात थांबवायला निघायचं. म्हणूनच एअरबसच्या सूचनेत टायरसाठी वेगळी ओळ आहे: व्ही-वनच्या आधीच्या 20 नॉट्समध्ये (नॉट हे विमानाच्या वेगाचं माप) टायर गेला आणि इंजिनाचे आकडे हलले नसतील, तर हवेत जाणं बरं. नंतर इंधन कमी करा आणि पूर्ण लांबीची धावपट्टी वापरून उतरा.

याच्या उलट केलं की काय होतं ते 19 सप्टेंबर 2008 ला अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियाला दिसलं. लिअरजेट 60, छोटं खासगी जेट. टेकऑफच्या धावेत टायर फुटले आणि व्ही-वन उलटून गेल्यावर कॅप्टनने उड्डाण रद्द केलं. टायरच्या तुकड्यांनी आधीच यंत्रणेची नासधूस केली होती, इंजिनाचा जोर उलटा फिरवून विमान थांबवणारे रिव्हर्सर हवे तसे चालले नाहीत. विमान धावपट्टीबाहेर गेलं, रस्ता ओलांडून बांधावर आदळलं, पेटलं. सहापैकी चार जण गेले, त्यात दोन्ही पायलट. तपासात निघालं की टायरमध्ये दाब खूपच कमी होता आणि तीनेक आठवडे कुणी तो मोजलाच नव्हता. चूक मेंटेनन्सने पेरली होती, पण थांबायचा निर्णय घेतला नसता तर कदाचित ते परत येऊन उतरले असते.

इथे कुणीतरी काँकर्ड पुढे करणार, आणि करायलाच हवं. 25 जुलै 2000, पॅरिस. आधी उडालेल्या विमानाची धातूची पट्टी धावपट्टीवर पडलेली, काँकर्डचा टायर तिच्यावरून गेला आणि फुटला. साडेचार किलोच्या आसपासचा रबराचा तुकडा पंखाखाली आदळला, इंधनाची टाकी फुटली, आग लागली. विमानातले 109 आणि जमिनीवरचे 4, असे 113 जीव गेले. पण हे उदाहरण मजकुराच्या बाजूचं नाही. काय झालंय हे कळेपर्यंत थांबण्याचा वेग उलटून गेला होता, आणि आग लागलेलं विमान दोनशे मैलांच्या वेगाने धावपट्टीबाहेर नेणं हा काही पर्याय नव्हे. नंतर काय बदललं ते पाहा. टाक्यांना आतून केव्हलार या चिवट धाग्याचं अस्तर लावलं आणि फुटल्यावर मोठे तुकडे उडणार नाहीत असे नवे टायर बनवले. पायलटला 'पुढच्या वेळी थांब' असं कुणी शिकवलं नाही.

आता 'परत का नाही फिरले'. कांडल्याचंच घेऊ आणि हिशोब मांडू. क्यू-400 च्या प्रत्येक मुख्य पायाला दोन चाकं, म्हणजे एकूण चार. त्यातलं एक गेलं. उरलेल्या जोडीदारावर दोघांचा भार येणार. अशा विमानाला उतरायला काय लागतं? लांब धावपट्टी. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरला थोडी कमी. कांडल्याची त्यापुढे खूपच आखूड. अग्निशमनाचे बंब, रुग्णवाहिका, विमान अडकलं तर उचलायची सामग्री, कंपनीचे इंजिनीअर आणि सुटे भाग, हे सगळं कुठे जास्त? आणि एक साधी गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेली दिसत नाही: ते चाक कांडल्याच्याच धावपट्टीवर पडलं होतं. लगेच फिरायचं म्हणजे स्वतःचंच सामान विखुरलेल्या पट्टीवर यायचं. शिवाय मुंबईपर्यंतच्या तासाभरात इंधन जळतं, विमान हलकं होतं, चेकलिस्ट दोनदा वाचायला वेळ मिळतो.

हवेत चाकाची गरजच नसते. हे वाक्य मी नव्या पोरांना इतक्या वेळा ऐकवलंय की ते माझी नक्कल करायचे. इंजिन गेलं, धूर झाला, केबिनचा दाब गेला तर घाई आहे. टायर गेला आणि बाकी सगळं शाबूत आहे, तर तो प्रश्न थेट उतरताना उभा राहणार. तोवरचा वेळ तुमचा.

हे एकट्या कांडल्याचं नाही. 7 मार्च 2024 ला युनायटेडचं बोइंग 777 सॅन फ्रान्सिस्कोहून ओसाकाला निघालं आणि उड्डाणातच एक चाक गळून विमानतळ कर्मचाऱ्यांच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर पडलं. गाड्यांचा चुराडा झाला, खाली माणूस कुणी आला नाही हे नशीब. तेही विमान निघालं तिथे परत न उतरता साडेपाचशे किलोमीटरवरच्या लॉस एंजेलिसला गेलं आणि सुखरूप उतरलं. त्याच्या मुख्य पायांना बारा चाकं, एक गेलं तर अकरा उरतात. क्यू-400 ला ही चैन नाही, हे मान्य.

घिरट्यांचं आणि इंधनाचं प्रकरण एकत्रच घेतो. 'इंधन टाकून लगेच उतरता येतं' हे लिहिणाऱ्याला वाटतं प्रत्येक विमानाला तशी तोटी असते. आपल्याकडे देशांतर्गत उड्डाणांत सर्रास दिसणारी ए-320 आणि बोइंग 737 यांना इंधन हवेत सोडायची सोयच नाही. ए-320 साधारण 78-79 टनांपर्यंत वजनाने उडू शकतं, पण उतरण्याची कमाल मर्यादा 66-67 टनांच्या घरात. मधला फरक जाळायचा तर उडत राहणं हाच मार्ग. गरज पडली तर जास्त वजनाने उतरतात, त्याचीही पद्धत लिहिलेली आहे. पण आग नाही, फक्त चाकाची शंका आहे, तर दुखऱ्या पायावर मुद्दाम दहा टन जास्त का टाकायचे?

3 फेब्रुवारी 2020, माद्रिद. एअर कॅनडाचं बोइंग 767 टोरांटोला निघालं, टेकऑफला टायर फुटला आणि तुकडे डाव्या इंजिनात गेले. चारेक तास ते माद्रिदभोवती फिरत राहिलं. स्पेनच्या हवाई दलाने एक एफ-18 लढाऊ विमान वर पाठवलं, त्याच्या पायलटने शेजारून उडत चाकांची अवस्था डोळ्यांनी पाहिली आणि सांगितली. मग ते उतरलं, 128 प्रवासी आणि 8 क्रू, सगळे धड. त्या चार तासांत आत बसलेल्यांची काय हालत झाली असेल ते मी नाकारत नाही, पण वेळकाढूपणा याला म्हणायचं नाही.

त्याआधीचं, 21 सप्टेंबर 2005 चं जेटब्लूचं ए-320 तर टीव्हीवर थेट दाखवलं गेलं. बरबँकहून न्यूयॉर्कला निघालेल्या त्या विमानाचं पुढचं चाक 90 अंशांत आडवं वळून बसलं होतं. तीनेक तास इंधन जाळलं, मग लॉस एंजेलिसला उतरलं. कॅप्टनने पुढचं नाक जमेल तितका वेळ हवेत धरून ठेवलं, शेवटी टायर घासून ठिणग्या उडाल्या, आणि विमान धावपट्टीच्या मधोमध उभं राहिलं. गंमत म्हणजे सीटसमोरच्या पडद्यांवर प्रवासी स्वतःच्याच विमानाची बातमी बघत होते. 'अंधारात ठेवतात' म्हणणाऱ्यांनी याहून जास्त उजेड कुठला मागायचा!

फोमचंही तिथेच मिटलं. त्या दिवशी धावपट्टीवर फोम अंथरला नव्हता. ही जुनी रीत आता जवळपास मोडीत निघाली आहे. फोम बंबातच राहावा, आग दिसली की तिथे मारावा, हे जास्त कामाचं.

मजकुरातला जो मुद्दा वाचून मी खरोखर उठून बसलो, तो चाकं बाहेर ठेवण्याचा. 'आत घेतली नाहीत म्हणजे अडकली होती.' अहो, टायरची किंवा तापलेल्या ब्रेकची शंका असेल आणि विमानाला चढायला ताकद पुरत असेल, तर चाकं बाहेरच ठेवणं हा शहाणपणा आहे. वारा लागतो, थंड होतात, आणि फुटलं तरी बाहेर फुटतं. याच कारणाने ए-320 वर ब्रेक 300 अंशांच्या वर असेल तर उड्डाणच करत नाहीत, थांबून पंखे लावतात. आत घेतल्यावर काय किंमत मोजावी लागते, याची ही दोन उदाहरणं. 31 मार्च 1986 ला मेक्सिकानाचं बोइंग 727: ब्रेक घासत राहिलेला, टायर प्रचंड तापला, त्यात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली. तो आत घेतल्यावर फुटला, इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या नळ्या तुटल्या, आग लागली, 167 जण गेले. विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजनच भरायचा हा नियम त्यानंतर कडक झाला. दुसरं 11 जुलै 1991 चं जेद्दाचं. हजहून नायजेरियाला परतणाऱ्या यात्रेकरूंचं डीसी-8. टायरमध्ये दाब कमी आहे हे जमिनीवरच्या लोकांना माहीत होतं, नायट्रोजन भरायचा राहून गेला. धावेत टायर गेले, जळायला लागले, आणि क्रूने, काही कल्पना नसताना, ते जळते टायर पोटात घेतले. 261 माणसं. त्यातला एकही वाचला नाही.

मी जेद्दाचं उदाहरण प्रत्येक नव्या बॅचला द्यायचो. 'उद्या भरू' म्हणणारा कुणी दिसला की द्यायचोच.

रिट्रेडबद्दल थोडं, कारण साडूंचा स्वतःचा टायरचा धंदा आहे आणि त्यांनी तिथेच अधोरेखित केलं होतं. विमानाचा टायर वरची झीज झाली की परत नव्या ट्रेडने मढवतात, अनेकदा, आणि प्रत्येक वेळी आतल्या सांगाड्याची कसून तपासणी होते. जगभर असंच चालतं, उघडपणे. नवा टायर घातला तरी दाब वीस टक्के कमी असेल तर तो जास्त वाईट. दोनशे पीएसआय (दाबाचं माप) दाबाच्या टायरला नुसतं बघून दाब कळत नाही. शेजारचा टायर भार उचलतो, त्यामुळे बिचारा उभा दिसतो गुबगुबीत. गेज लावल्याशिवाय छातीठोक कुणी सांगू नये. ट्रकच्या टायरला लाथ मारून सांगतात, ती विद्या इथे चालत नाही.

आणखी एक. चाकाच्या रिममध्ये छोटे फ्यूज प्लग असतात. ब्रेक फार तापला की ते वितळतात आणि टायर फुटण्याऐवजी हळूहळू बसतो. एकदा पहाटे तीनच्या सुमाराला जोरात ब्रेक मारून आलेलं एक विमान बेवर उभं राहिलं आणि दहा-पंधरा मिनिटांनी, आम्ही चहा घेत असताना, 'फुस्स' असा लांबलचक आवाज सुरू झाला. नवा हेल्पर चाकाकडे धावला, आमच्या फोरमनने त्याला मागून कॉलरला धरून ओढला. तापलेल्या चाकाकडे जायचं तर पुढून किंवा मागून, बाजूने कधीच नाही, कारण रिम फुटलीच तर तुकडे आडवे उडतात. बंबवाले हेच पाळतात. उतरल्यावर विमान थोडा वेळ तसंच उभं दिसतं आणि मजकूरवाल्यांना वाटतं सगळे स्वस्थ बसलेत. ते चाकं निरखत असतात. आग नसताना घसरगुंड्या उघडून लोकांना खाली ढकललं तर घोटे-मनगटं मोडतात, तेही बघायचं असतं.

प्रवाशांना सांगण्याबाबत मात्र मी मजकुराशी निम्मा सहमत आहे. क्रूचा क्रम ठरलेला: आधी विमान उडवा, मग कुठे जायचं ते ठरवा, मग बोला. केबिन क्रूला आधी सांगतात: काय झालंय, काय करणार, किती वेळ आहे, काय तयारी हवी. त्यामुळे पहिली पंधरा-वीस मिनिटं घोषणा न होणं हे लपवणं नव्हे. पण उतरल्यावर 'किरकोळ तांत्रिक कारण' एवढंच सांगून लोकांना घरी पाठवणं मला कधीच आवडलं नाही. ज्याने खिडकीतून स्वतःचं चाक पडताना पाहिलंय, त्याला किरकोळ म्हणायचं?

राहिला तो प्रश्न, जो मजकुरात कुठेच नाही. चाक पडलंच का? पायलटला ते विचारून उपयोग नाही, त्याने ते लावलेलं नसतं. आमच्यासारख्यांनी लावलेलं असतं, रात्री, जॅकवर विमान उचलून, एका हाताने चाक गोल फिरवत आणि दुसऱ्या हाताने टॉर्क रेंच (ठरल्याइतकंच आवळणारा पाना) ओढत. मोठं चाक असेल तर नट आधी जास्त टॉर्कला आवळायचा, ढिला करायचा, मग ठरलेल्या कमी टॉर्कला आणायचा, वर लॉक, आणि मग सही. एकदा माझ्याच पाळीत, कुठे ते सोडा, सही झालेल्या चाकाचं लॉक बसलेलं नव्हतं. दुसऱ्या डोळ्यांची तपासणी होती म्हणून सापडलं. विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं, प्रवाशांनी काउंटरवर आरडाओरडा केला, आणि मी हँगरमागे जाऊन ओकलो.

साडूंना मी हेच लिहिलं. त्यांनी पसंतीचा अंगठा टाकला, आणि अर्ध्या तासाने दुसरा मेसेज पाठवला: इंजिनात कोंबडी टाकून चाचणी करतात, हे खरं का?